काका, नातवाचं नाव पुढे करू नका

पत्र:

'मी इंदूरला सुदामानगरात राहतो, दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झालो. नातू अकरा वर्षांचा. त्याला मातीत पळणारी रिमोटची बग्गी हवी आहे. चौकशी केली तेव्हा तीन गाड्या समोर आल्या. पहिली जपानच्या टॅमिया कंपनीची ग्रासहॉपर, ती सुट्या भागांच्या किटमधून आपणच जोडायची. दुसरी डब्ल्यूएलटॉइज या चिनी कंपनीची 144001, तयार, चारही चाकांना ताकद जाणारी. तिसरी तिचीच ब्रशलेस (म्हणजे बिनब्रशच्या, जास्त दमदार मोटरची) बहीण 144010. तिला दुकानदाराने ॲल्युमिनियमचे आर्म (चाकं धरणारे दांडे) वगैरे लावून "फुल अपग्रेड" करून ठेवलंय आणि ताशी 75 किलोमीटर पळते म्हणतो. नातवाचं मन तिसरीवर. मुलगा म्हणतो, बाबा, आधी साधी घ्या, मोडली तर मोडली. माझा कल ग्रासहॉपरकडे आहे, कारण 1987 साली एका मित्राच्या दुबईहून आलेल्या भावाने ती चिमनबागेच्या मैदानात चालवून दाखवली होती. रिमोट मात्र कोणाच्या हाती दिला नव्हता. सगळं मिळून बजेट 25 हजार. काय घ्यावं? ता. क. हिचा प्रश्न आहे की त्या किटचे बारीक स्क्रू घरभर सांडतील त्याचं काय?'

उत्तर:

काका, सप्रेम नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. नातवाबद्दल तीन वाक्यं आहेत आणि चिमनबागेतल्या त्या दुपारबद्दल दोन, पण खरा जीव कुठल्या दोनमध्ये आहे ते लपत नाही. सदतीस-अडतीस वर्षं एखादा रिमोट हाती न दिल्याचं लक्षात राहतं, तेव्हा गाडी नातवाला हवी आहे एवढंच म्हणून भागणार नाही. असो. ग्रासहॉपरच घ्या. मात्र माझी कारणं तुमच्यापेक्षा वेगळी आहेत आणि ती नातवाला पटवायची आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी 'अपग्रेड' या शब्दाचा हिशेब करू. दुकानात या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: मोटर मोठी. गाडी तीच, डबा तोच, मागे दणका जास्त. टॅमियाने हाच प्रकार 1984 साली जास्त शहाणपणाने केला होता. त्या वर्षी त्यांनी ग्रासहॉपर काढली आणि त्याच वर्षी हॉर्नेट. दोघींचा सांगाडा जवळजवळ एकच, म्हणजे खाली बाथटबसारखं प्लास्टिकचं खोल चेसिस, आणि मागे मोटर, गिअरबॉक्स आणि ॲक्सल मिळून एक अखंड ठोकळा, तो अख्खाच वर-खाली हलतो. ग्रासहॉपरला 380 आकाराची मोटर, जाडी जेमतेम 28 मिलिमीटर. हॉर्नेटला 36 मिलिमीटरची 540. पण हॉर्नेटला नुसती मोटर देऊन त्यांनी हात झटकले नाहीत. मागचे शॉक (धक्के झेलणारे स्प्रिंगवाले दांडे) तेलाचे केले आणि मागचे टायर काटेरी दिले. ताकद वाढली तर ती जमिनीवर टेकवायची सोयही वाढवली. (तरी हॉर्नेट खड्ड्यांवर बेडकासारखी उड्या मारते ती मारतेच, तो भाग वेगळा.) दुकानदाराने तुमच्यासाठी सजवलेल्या तिसऱ्या गाडीत टायर कुठले, शॉकमध्ये तेल कुठलं, स्टीअरिंगचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) बदललाय का, हे विचारून पाहा. मला वाटतं उत्तर 'अंकल, ये तो उड़ती है' असंच मिळेल.

उडते, हे खरंच. ताशी 75 जाऊ द्या, 60 धरा. सेकंदाला जवळपास सतरा मीटर होतात. अकरा वर्षांच्या मुलाने 'अरे' म्हणेपर्यंत गाडी मैदानाच्या या टोकाकडून चहाच्या टपरीपर्यंत. वजन साधारण किलोभर. सीझन बॉल 156 ते 163 ग्रॅमचा असतो आणि तो नडगीवर बसला की काय होतं ते तुम्ही चिमनबागेत अनुभवलं असेलच. दशहरा मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत ही गाडी सोडायची कल्पनाही नको.

हे मी उपदेश म्हणून सांगत नाहीये, माझं स्वतःचं नाक कापलं गेलंय. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी पहिलीच गाडी ब्रशलेस घेतली, दुसऱ्या शहरातल्या एका दुकानातून. बायपासच्या बाजूला एका अर्धवट कॉलनीत रविवारी सकाळी सोडली. लांब जाताना झकास. वळून माझ्याकडे यायला लागली आणि तिथे मला कळलं की गाडी समोरून येताना डावं-उजवं उलटं होतं. मी डावीकडे फिरवलं, ती माझ्या उजवीकडे गेली, आणि तिथे फुटपाथची कड होती. पुढचा आर्म तुटला, त्याच्या शेजारचा स्टीअरिंगचा तुकडाही. दुकानदार म्हणाला, मागवून देतो. सात आठवडे गाडी कपाटावर होती. धाकटा भाऊ म्हणाला, ताई, तू गाडी नाही, फुलदाणी घेतलीस. पहिली बॅटरी पूर्ण संपायच्या आत संपलेला तो छंद पुन्हा सुरू व्हायला वर्ष गेलं.

आता त्या ॲल्युमिनियमच्या आर्मबद्दल, कारण नातू त्याच्यावरच भाळला असणार, चकाकतात चांगले. धक्का बसला की कुठेतरी काहीतरी वाकणार किंवा तुटणार हे ठरलेलं. प्लास्टिकचा आर्म थोडा लवतो, फारच झालं तर तुटतो, आणि तो तुटतो म्हणून मागचा गिअरबॉक्स वाचतो. घरातल्या फ्यूजसारखंच ते काम. आर्म धातूचा केला की धक्का थांबत नाही, पुढच्या घरी जातो: तो आर्म जिथे बसतो तिथल्या प्लास्टिकला, नाहीतर चेसिसच्या स्क्रूंना. शिवाय ॲल्युमिनियम वाकलं की वाकलेलंच राहतं, आणि गाडी एका बाजूला ओढते तरी कारण दिसत नाही. स्वस्त भाग आधी मोडावा म्हणून जी सोय बनवणाऱ्याने ठेवलेली असते, ती पैसे देऊन काढून टाकण्यात काय शहाणपण आहे मला कळत नाही.

दुसऱ्या गाडीबद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही. 144001 ही पैशाच्या मानाने फार चांगली गाडी आहे. धातूचं चेसिस, 550 आकाराची ब्रश्ड मोटर, 7.4 व्होल्टची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, तेलाचे शॉक, चारही चाकांना ताकद, जागोजागी बेअरिंग. नुसत्या गुणांवर ती ग्रासहॉपरला कधीच मागे टाकते, आणि हे पत्र एखाद्या बावीस वर्षांच्या मुलाने विजयनगरातून लिहिलं असतं तर मी दोन ओळींत तिचं नाव सांगून मोकळी झाले असते. तुमच्या बाबतीत तिच्यात दोन अडचणी दिसतात. ती खोक्यातून तयार निघते, म्हणजे आत काय आहे ते पहिल्यांदा मोडेपर्यंत तुम्हा दोघांनाही कळणार नाही. आणि रिमोटचा इशारा पकडणारा रिसीव्हर व मोटरला वीज पुरवणारा ईएससी एकाच पट्टीवर असतात, त्यामुळे एक गेला की दोन्ही बदला. तुमचा मुलगा म्हणतो 'मोडली तर मोडली', ते बरोबरच आहे. पण मोडल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. मोडलेली गाडी स्वतः उघडायची सवय नसेल तर ती माझ्या गाडीसारखी कपाटावर जाते.

आपल्या मातीचं काय ते पाहू, कारण जपानी खोक्यावर ते छापलेलं नसतं. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि तिची धूळ पिठासारखी बारीक होते. ही धूळ बुशमध्ये, म्हणजे ॲक्सल ज्यात फिरतो त्या साध्या कड्यांत, शिरते. किटमधल्या ग्रासहॉपरच्या चाकांना बॉल बेअरिंग नसतात, साध्या बुश असतात. ग्रीस अधिक काळी धूळ म्हणजे पॉलिश पेपरच तो. बुशचं भोक मोठं होतं, चाक लटलटतं, मोटर जास्त करंट ओढते, तापते. म्हणून माझ्या मते ग्रासहॉपरला एकच अपग्रेड पहिल्या दिवशी हवं आणि ते दिसतही नाही: बेअरिंगचा सेट, रबरी सीलवाला. मागताना 'ग्रासहॉपरसाठीचा' असं सांगूनच मागा. आणि जोडतानाच बसवा. नंतर बसवायचा म्हटलं तर गिअरबॉक्स पुन्हा उघडावा लागतो, आणि एकदा ग्रीस भरलेला गिअरबॉक्स उघडायला कोणाचेही हात वळत नाहीत.

पावसाळ्यात तीच माती चिकणी होते. अर्ध्या फेरीत चाकं लाडवाएवढी जाड होतात आणि पुढचे टायर वळणं सोडून देतात. जून ते सप्टेंबर गाडी घरात, हे आत्ताच ठरवून टाका, म्हणजे रोज संध्याकाळी नातवाशी वाद नको.

आता माझ्या मुद्द्याचं मूळ. किट जोडण्याच्या त्या आठ-दहा संध्याकाळी हाच खरा सौदा आहे, गाडी नंतरची. नातवाला दोन हात आणि तुम्हाला दोन, पण डोळे त्याचे वापरा. सूचनापत्रकातली चित्रं बारीक असतात. स्क्रू ड्रायव्हर घरातला घेऊ नका. टॅमियाच्या स्क्रूची फुली जपानी मापाची असते. आपला नेहमीचा फिलिप्सचा ड्रायव्हर तिच्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की वर सरकतो आणि फुलीचा गोल खड्डा करून ठेवतो. जेआयएस मापाचा एक चांगला ड्रायव्हर घ्या, तो पुढे मिक्सरपासून शिलाई मशीनपर्यंत कामाला येतो.

स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जातात. पहिल्यांदा आवळताना जड जाईल, नातवाला वाटेल काहीतरी चुकतंय. चुकत नसतं. पण तोच स्क्रू काढून पुन्हा बसवायची वेळ आली की सरळ आवळायचा नाही. आधी उलटा, म्हणजे सोडवायच्या दिशेने हलकेच फिरवायचा. एका जागी बोटाला 'टक्' असं लागतं, स्क्रू केसभर खाली बसतो. ती जुन्या आट्याची सुरुवात. तिथून सुलटा फिरवला तर तोच आटा धरतो. हे न करता आवळला की नवा आटा जुन्याला छेदतो, आणि तिसऱ्या खेपेला भोक पोकळ. हे 'टक्' नातवाच्या बोटाला एकदा लागू द्या. मला ते भावाने शिकवलं तेव्हा मी तिशीत होते आणि तोवर दोन गिअरबॉक्सची वाट लावून झाली होती.

खोक्यात काय नसतं ते आधीच लिहून ठेवा, नाहीतर दिवाळीच्या दिवशी खोकं उघडून बसाल आणि गाडी चालणार नाही. ट्रान्समीटर (म्हणजे रिमोट), रिसीव्हर, सर्व्हो, बॅटरी, चार्जर वेगळे घ्यावे लागतात. ईएससी काही किटमध्ये असतो, काहींत नसतो, तेव्हा विकणाऱ्याला विचारून घ्या. ट्रान्समीटर साधा दोन चॅनेलचा, 2.4 गिगाहर्ट्झचा पुरे. चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग गाडी; बंद करताना आधी गाडी. हा क्रम उलटा झाला तर गाडी स्वतःच्या मर्जीने पळू शकते.

बॅटरी लायपो घेऊ नका, निकेल-मेटल हायड्राइडची सहा सेलची 7.2 व्होल्टची घ्या. लायपो हलकी असते, दमदार असते, मला आवडते. पण तिचा एक सेल 4.2 व्होल्टच्या वर चढवायचा नाही, तीनच्या खाली उतरवायचा नाही, ठेवून द्यायची तर 3.8 च्या आसपास ठेवायची, फुगली की वापरायची नाही, आणि चार्ज होत असताना खोली सोडून जायचं नाही. जुन्या धाटणीच्या ईएससीत व्होल्टेज उतरल्यावर गाडी थांबवायची सोयच नसते. घरात अकरा वर्षांचं पोर असताना ही सगळी पथ्यं पहिल्याच वर्षी कशाला? निकेलवाली बॅटरी थोडी चुकभूल माफ करते. चार्जरवर मात्र कंजूषी नको. बॅटरी भरली की स्वतः थांबणारा घ्या. बॅटरीसोबत फुकट येणारे ते रात्रभर लावून ठेवायचे भिंतीतले चार्जर देऊन टाका, नाहीतर टाकून द्या.

किमतीबद्दल तुम्ही 'एवढं महाग का' असं लिहिलं नाही, पण मुलगा विचारेलच. 2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयातशुल्क 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं आणि 2023 मध्ये 70 वर. स्केल मॉडेल त्याच खात्यात मोडतात. त्यातून 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) प्रमाणन सक्तीचं झालं. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावर अर्ध्या किमतीत दिसलेली गाडी स्वतः मागवायचा मोह टाळा. पार्सल अडकलं की कस्टमची पत्रं वाचायला तुमचा बँकेचा अनुभव कामी येईल, पण नातवाची सुटी संपलेली असेल. देशातच विकणारा गाठा. गाडी घ्यायच्या आधी त्याला एकच विचारा: पुढच्या सस्पेन्शनचे आर्म आणि मागचे टायर आज तुझ्याकडे शिलकीत आहेत का? 'मागवून देतो' म्हणाला तर पुढचं दुकान.

चालवायला शिकवताना, बॅटरी दोनदा भरून दोनदा संपेपर्यंत गाडी मैदानावर नेऊच नका. गच्चीवर किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेत दोन चपला चार-पाच मीटर अंतरावर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढायला लावा. आठमध्ये गाडी प्रत्येक फेरीत एकदा तुमच्याकडे तोंड करून येते, म्हणजे डाव्या-उजव्याची ती उलटापालट दर दहा सेकंदांनी गिरवली जाते. चपलेला न लागता दहा फेऱ्या झाल्या की मैदान. रविवारी सकाळी क्रिकेटच्या टीम यायच्या आत जा. आणि हो, संक्रांतीनंतरचा महिनाभर ॲक्सल रोज पाहा. मैदानात पडलेला मांजा चाकाच्या मागे गुंडाळला जातो, बाहेरून दिसत नाही, आणि बेअरिंगचं सील कापतो. काकूंचे गळलेले केसही तेच काम करतात, फक्त सावकाश.

नातवाला तिसरी गाडी हवी होती, त्याचं काय? त्याला खरं ते सांगा. 380 मोटरची ग्रासहॉपर त्याच्या मित्रांच्या गाडीपुढे हळू वाटेल. पळणाऱ्या पोराच्या थोडी पुढे, बस. पण आठ महिन्यांनी, बेअरिंग धुऊन पुन्हा बसवता यायला लागल्या, मागचे टायर एकदा झिजवून झाले, की तिलाच 540 मोटर बसवायची. ग्रासहॉपरवाले बरेच जण पुढे तेच करतात. त्याच्या आधी किंवा त्याच्याबरोबर मागचे शॉक तेलाचे. नुसती मोटर बदललीत तर मागचा ठोकळा नाचायला लागेल आणि नातू म्हणेल आजोबांनी गाडी बिघडवली. मोटर त्याने स्वतः सोल्डर करून लावावी, तुम्ही शेजारी बसावं. वायर उलटी लागली तर गाडी मागे जाईल, एवढंच होईल. हसून घ्या आणि दोन वायरींची अदलाबदल करा. त्यानंतरही त्याला ब्रशलेस हवी असेल तर जरूर घ्या. तोवर समोरून येणारी गाडी कुठल्या बाजूला वळवायची हे त्याला विचार न करता जमत असेल.

एक मात्र बजावून सांगते. पहिल्या दिवशी रिमोट आधी तुम्ही घ्या. नातू रुसेल, रुसू द्या, पाच मिनिटांचा प्रश्न आहे.

आता काकूंचं. स्क्रू ए, बी, सी अशा वेगवेगळ्या पिशव्यांत येतात. सगळ्या पिशव्या एकदम फोडायच्या नाहीत. ज्या पानाचं काम चालू आहे तेवढीच. आणि त्या मसाल्याच्या डब्यात ओतायच्या, सात वाट्यांत सात मापं. खाली जुनी पांढरी चादर अंथरा, म्हणजे पडलेला स्क्रू उठून दिसतो. डबा मात्र काकूंच्या फळीवरचा उचलू नका, हळदीचे डाग ग्रीसमध्ये उतरतात आणि बोलणी बसतात ती वेगळी. बर्तन बाजारातून नवा आणा, झाकण घट्ट बसतंय ना ते तिथेच उलटा करून पाहा.